एका डाळीवरचा आळ

अंगातली सूज वाढवणारे पदार्थ कोणते, या प्रश्नाची उत्तरं सध्या घरोघरी तयार असतात. गहू सोडा, दूध सोडा, साखर तर सोडाच, रात्री हरभऱ्याची डाळ नको, वांगं नको, बटाटा नको. जुन्या पथ्याच्या याद्या आणि नव्या प्रयोगशाळांच्या याद्या एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत, की कुठली आजीची आणि कुठली डॉक्टरांची हे सांगणंही अवघड झालंय. या याद्यांत दोष नेहमी पदार्थाच्या माथी मारलेला असतो. तो किती खाल्ला, किती महिने खाल्ला, सोबत ताटात काय होतं आणि खाणाऱ्याला दुसरं काही मिळत होतं का, हे त्यांत सहसा लिहिलेलं नसतं. माझ्या मते हे चार प्रश्न वगळले, तर यादीला काहीच अर्थ उरत नाही. असं का म्हणतो, ते समजायला एका डाळीचा इतिहास उपयोगी पडेल. तिच्यावरचा आळ दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो खराही आहे. पण नेमका कशापुरता खरा आहे, हे कळायला १९६४ साल उजाडावं लागलं. ही डाळ सूज आणत नाही. ती मज्जातंतूंवर घाव घालते आणि माणसाचे पाय कायमचे घेते.

जबलपूरच्या पश्चिमेला, नर्मदेच्या खोऱ्यात शहपुरा आहे. इटारसी-जबलपूर लोहमार्गावर तिथलं स्थानक शहपुरा-भिटौनी या नावाने लागतं. या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. काळी, चिकट, भारी जमीन. इथला जुना शेतकरी शेताला उंच बांध घालून पावसाळाभर पाणी शेतातच कोंडून ठेवायचा. त्या पाण्यात तण कुजायचं, ओल खोल मुरायची, आणि पाऊस सरल्यावर बांध फोडून पाणी सोडून दिलं की थेट गहू-हरभरा पेरता यायचा. आज शहपुरा, पाटण, सिहोरा हा भाग ओल्या मटारासाठी ओळखला जातो. हंगामात इथून मटारच्या गाड्या दूरदूरच्या बाजारांत जातात. या मटाराची एक गरीब चुलतबहीण याच मातीत फार आधीपासून उगवते आहे. तिला इकडे तिवडा किंवा तिवरा म्हणतात, बिहार-बंगालकडे खेसारी म्हणतात, आणि आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, म्हणजे झाडीपट्टीत, ती लाख किंवा लाखोळी. शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटिव्हस.

दाणा तळहातावर घेतला की ओळख पटते. तो मटारासारखा गोल नसतो. एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने धार काढल्यासारखा कोनदार, करडा-तपकिरी, बारीक ठिपक्यांचा. भरडून टरफल काढलं की पिवळी डाळ निघते. ती तुरीच्या डाळीत मिसळली तर वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि दळून बेसनात मिसळली तर कुणाच्याच लक्षात येत नाही. झाड हातभर उंचीचं, वेलासारखं पसरणारं, निळ्या फुलांचं. त्याचा गुण असा, की ते मरत नाही. पाणी साचलं तरी तगतं, पाऊस दडी मारून बसला तरी तगतं. झाडीपट्टीत धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, ओलसर बांधीत लाखोळी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नको, खत नको, वेगळं पाणी नको. धान निघालं की खाली लाखोळी उभीच असते. कोवळी पानं भाजीला होतात, उरलेली वाळवून ठेवली जातात, पाला गुरांना, दाणे माणसांना. दाण्यात प्रथिनं पाव भागाहून जास्त. शिवाय मुळांतल्या गाठी हवेतला नत्र जमिनीत उतरवतात, म्हणजे जमीनही सुधारते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सगळं देणारं हे पीक आहे, आणि त्याचा सगळा इतिहास या एका गुणातून निघाला आहे.

जुन्यांना तिचा दोष ठाऊक होता. सुश्रुताने वातव्याधींत ‘कलायखंज’ नावाचा विकार दिला आहे. चालायला लागताच माणूस थरथरतो, लंगडतो, त्याच्या सांध्यांची बंधनं सैल झालेली असतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या डाळीला लंगडेपण आणि पांगळेपण आणणारी म्हटलं आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांत एनोस गावची नोंद आहे. तिथे दुष्काळात सतत कडधान्यांवर राहिलेल्या लोकांचे पाय दुबळे झाले होते. युरोपात वुर्टेम्बर्ग घराण्याच्या ड्यूक जॉर्जने १६७१ साली पावात या डाळीचं पीठ घालायला बंदी केली. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी चाललेल्या युद्धात माद्रिदमध्ये उपासमार पडली, तेव्हा चित्रकार गोयाने एक छापचित्र केलं. त्यात लोक याच डाळीच्या पेजेभोवती गोळा झालेले आहेत, आणि चित्राच्या नावातच डाळीचे आभार मानलेले आहेत. तिने त्या लोकांना जगवलं होतं, त्यामुळे ते आभार खोटे नव्हते. काही जणांची तिने काय किंमत घेतली असेल, ते आज आपण जाणतो. डाळीच्या या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी इतक्या स्पष्ट दाखवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. जबलपूर आणि नर्मदेचं हे खोरं १७८१ पासून सागरच्या मराठ्यांकडे होतं, १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलं. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचं नाव झालं तो विल्यम स्लीमन पुढे याच भागात कारभारी होता. आधी नरसिंहपुरात, मग जबलपुरात. शहपुरा या दोन गावांच्या मधल्या वाटेवर आहे. त्याचं प्रवासवर्णन १८४४ साली छापलं गेलं. त्यात सागर-दमोहकडच्या वाटेवरच्या एका गावाची हकिकत आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस न पडल्याने गेला, १८३१ साली रोगाने गेला. गव्हाच्या शेतात तण म्हणून येणारा तिवडा मात्र तिन्ही वर्षं जोमाने आला. लोकांनी तो कापला आणि खाल्ला, दुसरं काही नव्हतंच. १८३३ साली तिशीच्या आतल्या तरुण माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. स्लीमन सांगतो, की वर्षा-दोन वर्षांत गावातली निम्मी तरुण मंडळी, बायका-पुरुष दोन्ही, या दुखण्यात सापडली.

स्लीमन वैद्य नव्हता. तरी त्याने नोंदलेला क्रम डॉक्टरी दृष्टीनेही लाखमोलाचा आहे. आधी पीक बुडालं, मग तिवडा हेच अन्न झालं, मग एक-दोन वर्षं गेली, आणि त्यानंतर पाय गेले. रोगाचं कारण पोटात शोधायच्या आधी तो शेतापर्यंत गेला होता. नंतर आलेल्या कितीतरी अहवालांत हा क्रम सुटला आणि फक्त डाळ उरली.

इटलीत नेपल्सच्या कँटानी यांनी १८७३ साली या आजाराला लॅथायरिझम हे नाव दिलं. आपल्याकडे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. त्यानंतर गावोगाव काठी टेकत चालणारे तरुण दिसू लागले. मेजर अँड्र्यू ब्युकॅनन या सरकारी डॉक्टरने त्यांची पाहणी केली, आणि १८९६ ते १९०२ या काळाचा त्याचा अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. जबलपूर आणि भंडारा तेव्हा एकाच प्रांतात होते आणि दोघांचा कारभार नागपुरातून चालायचा. ही सोबत १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत टिकली. म्हणून तिवड्याची आणि लाखोळीची कागदपत्रं कितीतरी वर्षं एकाच फाइलीत राहिली.

हा आजार दिसतो कसा, ते सांगायला हवं, कारण बंदी आणि परवानगीच्या वादात रोगी माणूस फार लवकर दिसेनासा होतो. सुरुवात बहुधा अचानक होते. शेतात राबून आलेल्या तरुणाच्या पोटऱ्या आखडतात, सकाळी उठताना पाय जड वाटतात. काही दिवसांत टाच जमिनीला टेकेनाशी होते. माणूस चवड्यांवर चालू लागतो, गुडघे एकमेकांवर घासतात, पाय कात्रीसारखे आडवे पडतात. डॉक्टर याच्या चार पायऱ्या सांगतात. पहिल्या पायरीवरचा रोगी काठीशिवाय चालतो, दुसरीवर एक काठी लागते, तिसरीवर दोन, आणि चौथ्या पायरीवर माणूस हातांच्या आणि बुडाच्या बळावर सरकतो. बुद्धी शाबूत राहते, हात बहुतेक वेळा चालतात, आयुष्यही तेवढंच असतं. दुखणं पुढे वाढत नाही आणि मागेही जात नाही. औषध नाही. विसाव्या वर्षी आलेली काठी साठाव्या वर्षीही हातात असते. बायकांपेक्षा पुरुषांना हे जास्त होतं, आणि त्यातही राबणाऱ्या तरुणांना.

जबलपूरच्या ईशान्येला रीवा आणि सतना. स्वातंत्र्यानंतर या आजाराचा सर्वात मोठा पसारा तिथे सापडला. १९६०च्या दशकात तिथल्या गावांच्या रीतसर पाहण्या झाल्या आणि हजारोंनी पांगळी माणसं नोंदली गेली. तिथे प्रश्न एकट्या दुष्काळाचा नव्हता. तिथे होती ती वेठ. सालदार मजुराला मजुरी धान्यात मिळायची आणि ते धान्य म्हणजे बहुतेक वेळा तिवडा, नाहीतर तिवडा घातलेलं मिश्रण. गहू मालकाच्या घरात जायचा. त्याच गावातल्या, त्याच मातीतल्या, तोच तिवडा पिकवणाऱ्या मालकांच्या घरांत हा आजार जवळपास नव्हताच, कारण त्यांच्या ताटात तो चवीपुरता असायचा. एकच डाळ, एकच विहीर, एकच हवा, आणि काठी मात्र मजुरांच्याच वस्तीत. इतकी स्पष्ट विभागणी मिळाल्यावरही पुढची कित्येक वर्षं चर्चा डाळीच्या गुणदोषांभोवतीच फिरत राहिली, मजुरी गव्हात का दिली जात नाही हा प्रश्न मागे पडला. मला हे फार खुपतं. मजुरीचा प्रश्न सोडवायला कायदा, तलाठी आणि जमीनदार या तिघांशी झगडावं लागलं असतं. डाळीवर आळ घेणं सोपं होतं.

अशीच एक घटना दुसऱ्या महायुद्धात घडली, आणि तिथे तर प्रयोगशाळेत व्हावी इतकी नेमकी मोजमापं आहेत. आजच्या युक्रेनमधला वाप्नियार्का तेव्हा रुमानियाच्या ताब्यात होता. १९४२ च्या शरदात तिथल्या छावणीत सुमारे बाराशे ज्यू कैदी आणले गेले. रोजचं अन्न म्हणून त्यांना घोड्यांसाठीची ही डाळ मिळायची, माणशी ४०० ग्रॅम, पाण्यात उकडलेली, आणि जोडीला थोडा जवाचा पाव. दोन-तीन महिन्यांतच शेकडो जणांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक होते डॉ. आर्थर केसलर. त्यांनी लक्षणं ओळखली आणि डाळीवर बोट ठेवलं. कैद्यांनी ती खायला नकार दिला, उपोषण केलं, आणि अखेर छावणीचं अन्न बदललं. नव्या रोग्यांची भर थांबली, गेलेले पाय मात्र परत आले नाहीत. केसलर पुढे इस्राएलमध्ये राहिले आणि त्या सोबत्यांची प्रकृती त्यांनी कित्येक दशकं तपासली. त्यांच्या नोंदींवरून आज आपल्याला कळतं, की हा आजार तरुणपणी जडला तर म्हातारपणी काय होतं. मोठ्या निश्चयाचं काम होतं ते.

४०० ग्रॅम आणि दोन-तीन महिने, हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वेगवेगळ्या देशांतले अनुभव एकत्र केले तर साधारण असं दिसतं, की रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग या डाळीचा असला आणि असं दोन-तीन महिने किंवा अधिक काळ चाललं, तर धोका उभा राहतो. आठवड्यातून एकदा लाखोळीचे वडे करणाऱ्या झाडीपट्टीतल्या घराला तो धोका नाही, आणि तिथे पिढ्यानपिढ्या ती खाल्ली गेली आहे.

विष सापडलं ते १९६४ साली, आणि ते भारतात सापडलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. त्याच वर्षी दिल्लीतही मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमणियन यांच्या हाती तेच लागलं. त्याचं आजचं रूढ नाव ओडॅप. मेंदू आणि मज्जारज्जूत पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी ग्लुटामेट नावाचं द्रव्य वापरतात. ओडॅपची घडण त्याच्यासारखीच असल्याने ते त्याच्या जागी जाऊन बसतं आणि पेशीला उसंत न देता चेतवत राहतं. पायांना हुकूम देणाऱ्या लांबलचक मज्जापेशी यात थकून मरतात. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. काठी सुटत नाही त्याचं कारण हेच. लाली, उष्णता, सूज, वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच मांडून ठेवली होती. यांतलं एकही इथे ठळक दिसत नाही, म्हणून हा घाव नेमका कसा होतो हे इतकी शतकं लपून राहिलं असावं असं मला वाटतं.

हे विष पाण्यात विरघळतं. डाळ रात्रभर भिजवून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिलं, तर त्याचा बराचसा भाग निघून जातो. पण यात एक अडचण आहे. दुष्काळात पाणीही नसतं आणि सरपणही नसतं. ज्याला डाळ शिजवून पाणी फेकून देणं परवडतं, त्याला बहुधा दुसरं धान्यही परवडतं. शिवाय जमीन कोरडी पडली की झाड दाण्यात ओडॅप जास्त साठवतं. म्हणजे ज्या वर्षी माणूस या डाळीवर सर्वात जास्त अवलंबून असतो, नेमकी त्याच वर्षी ती सर्वात विषारी असते.

इथिओपियात १९९०च्या दशकात असाच उद्रेक झाला. तिथल्या घराघरांची तुलना करून गेताहुन, लांबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जे लिहिलं, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचं वाटतं. ज्या घरांत डाळीत दुसरं धान्य मिसळलं जात होतं, त्यांच्यात पांगळेपण कमी होतं. ज्या घरांत ती कांदा, लसूण, आलं घातलेल्या रश्शासोबत खाल्ली जात होती, त्यांच्यातही कमी होतं. धान्यातून गंधकयुक्त अमिनो आम्लं मिळतात, ती या डाळीत तोकडी असतात. कांदा-लसूण-आल्यातली द्रव्यं पेशींची जळ आवरतात. गरिबाच्या ताटात भाकरीचा तुकडा आणि कांदा होता की नव्हता, यावर पाय राहणार की जाणार हे ठरत होतं.

आजच्या सुजेच्या याद्या मला इथे आठवतात. या याद्यांना वैज्ञानिक आधार आहे, आणि तोही फार जुना नाही. रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन सापडलं. आज कुठल्याही पॅथॉलॉजीत सीआरपी म्हणून तपासतात ते हेच. पुढे अधिक नाजूक चाचण्या निघाल्या, आणि ताप नसलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही वर्षानुवर्षं मंद दाह असू शकतो हे दिसलं. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात नितीन शिवप्पा, जेम्स हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी आहाराचा दाहनिर्देशांक बांधला. २०१४ च्या आवृत्तीत अन्नाचे ४५ घटक मोजले जातात आणि त्यांत हळद, लसूण, आलं, कांदा हे दाह कमी करणाऱ्यांत येतात. या निर्देशांकाची मला आवडणारी गोष्ट ही, की तो एका पदार्थाला दोषी धरत नाही, सगळा आहार मोजतो.

महाराष्ट्रात दाहाच्या अभ्यासाचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झालं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की शहरी भारतीयांच्या रक्तातली दाहाची द्रव्यं खेड्यातल्या लोकांपेक्षा जास्त असतात. पुढे २००८ मध्ये पुण्याजवळची खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीय वस्त्या अशा तीन ठिकाणच्या पुरुषांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यातही चरबी आणि दाह शहराकडे चढत गेलेले दिसले. खेड्यातला माणूस आणि त्याचा शहरातला भाऊ लहानपणी एकाच ताटातली भाकरी-डाळ जेवले असतील. नंतर बदललं ते बैठं काम, पोटावरची चरबी, तेला-साखरेचं प्रमाण, एकूण सगळं जगणं. त्यातून एकट्या गव्हाला किंवा दुधाला वेगळं काढून शिक्षा देणं मला पटत नाही. ज्यांना सीलिअ‍ॅक रोग आहे त्यांना गहू खरोखर दाहकारक आहे, आणि त्यांनी तो सोडलाच पाहिजे. बाकीच्यांची गोष्ट वेगळी.

मात्र काही पदार्थ खरोखर दोषी निघतात, हेही सांगायला हवं. घट्ट वनस्पती तुपातली ट्रान्स मेदाम्लं ही तशी. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. ट्रान्स मेदाम्लं रक्तातले दाहाचे निर्देशक वाढवतात, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. भारतात त्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि जानेवारी २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आहे. तिथे कायद्याने पदार्थावर बोट ठेवलं ते योग्यच झालं, कारण ट्रान्स मेदाम्लांचा शरीराला काहीच उपयोग नसतो. लाखोळीचं तसं नाही.

लाखोळीवर कायद्याचा हात आधीच पडला होता. विष सापडायच्या तीन वर्षं आधी, १९६१ साली, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. पेरणी मात्र चालू राहिली, त्यामुळे माल तयार होतच होता आणि तो तुरीच्या डाळीत व बेसनात चोरून जात होता. बंदीने खरं नुकसान केलं ते झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याचं. धानानंतर फुकटात येणारं त्याचं एकमेव कडधान्य उघड विकता येत नव्हतं. नागपूरचे आहारअभ्यासक डॉ. शांतिलाल कोठारी यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला, उपोषणं केली. त्यांचं म्हणणं असं, की विदर्भात साधारण प्रमाणात लाखोळी खाणाऱ्यांना पांगळेपण येत नाही, मग ही बंदी कुणासाठी? महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये आपली बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीबंदी तशीच राहिली. २०१५ च्या शेवटी तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, आणि लगेच जानेवारी २०१६ मध्ये कमी विषाच्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना वाट मोकळी करण्याची शिफारस आली. तिच्यावर मोठा वाद झाला. डॉक्टरांची भीती अशी, की गरीब पुन्हा त्याच डाळीवर ढकलला जाईल. मला ही भीती खोटी वाटत नाही. पण तिचा उपाय रेशनच्या दुकानात आहे, डाळीच्या पोत्यात नाही. गहू-तांदूळ स्वस्तात घरी येत असेल तर कुणीही ४०० ग्रॅम लाखोळी खाणार नाही. मध्य भारतात नवे रोगी आताशा क्वचितच दिसतात. त्यामागे बंदीपेक्षा मजुरी आणि धान्य यांत झालेल्या बदलाचा हात मोठा आहे, असं माझं मत आहे.

याच दाण्याची आणखी एक गंमत आहे. रावांच्याच चमूने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात होमोआर्जिनिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल शोधलं होतं. रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडशी त्याचा संबंध आहे. युरोपातल्या पाहण्यांत असं दिसलं, की ज्यांच्या रक्तात ते कमी असतं अशांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो. राव पुढे याच डाळीची दुसरी बाजू मांडू लागले. ज्या माणसाने तिच्यातलं विष शोधलं, त्यानेच तिची कैफियतही लिहिली.

नवे वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात तयार झाले. रतन हा दिल्लीचा, ऊतीसंवर्धनातून काढलेला. प्रतीक आणि महातिवडा रायपूरचे. त्यांच्या दाण्यात ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली असतं. पण शेतात एक अडचण राहते. लाखोळीचं परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होत असलं, तरी मधमाशी शेजारच्या बांधीतल्या जुन्या वाणाचं परागही आणते. असं दोन-चार हंगाम घरचंच बी वापरलं की कमी विषाच्या वाणात जास्त विषाची मिसळ होत जाते, आणि दाण्याकडे पाहून ती कुणालाच कळत नाही. झाडीपट्टीतल्या साकोली-पवनीकडच्या शेतकऱ्याला किंवा शहपुऱ्याच्या काळ्या जमिनीतल्या शेतकऱ्याला दर काही वर्षांनी शुद्ध बी मिळालं पाहिजे, परवडणाऱ्या भावात, आणि ते कुठून आलं याच्या पावतीसकट. बाजारात पोतं उतरलं की त्यातला मूठभर दाणा तपासायची सोय तालुक्याच्याच ठिकाणी हवी.